हिरकणीचा बुरूज आणि आपला कॉम्प्युटर

रायगडावर गेलेल्या प्रत्येकाने हिरकणीचा बुरूज पाहिलाय. आख्यायिका पाठच आहे. गडाचे दरवाजे बंद झाले, तान्हं बाळ खाली घरी, आणि ती गवळण अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही, उलट साडीचोळी देऊन गौरव केला. पण गोष्टीचा शेवट आपण घाईत सांगून टाकतो. महाराजांनी त्या जागी बुरूज बांधून घेतला. कारण जिथून आई उतरू शकते, तिथून शत्रू चढूही शकतो.

आता माझी गोष्ट. २००९ ते २०१५ मी तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर सायबर कॅफे चालवला. सहा कॉम्प्युटर, एक प्रिंटर. रोज येणारे एक शिक्षक होते, आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. एके दिवशी त्यांच्या मेलवरून ओळखीच्या सगळ्यांना निरोप गेला, "परदेशात अडकलोय, पैसे पाठवा." सर तर पारावर पेपर वाचत बसलेले! पण पुण्याच्या मेहुण्यांनी घाबरून पैसे पाठवलेसुद्धा. मी सरांना चारचौघांत म्हणालो, "सर, तुम्ही नको तिथं क्लिक केलं असणार." ते काही बोलले नाहीत. नंतर कॅफेत यायचेही बंद झाले.

पुढे माझाच कॉम्प्युटर तपासला तेव्हा त्यात पासवर्ड चोरणारा ट्रोजन सापडला. सरांचा पासवर्ड तिथूनच गेला असणार. तेव्हापासून हा विषय वाचतोय.

ट्रोजन हे नाव ग्रीकांच्या लाकडी घोड्यावरून आलंय. ट्रॉयच्या लोकांनी तो घोडा स्वतःच्या हाताने आत ओढून नेला. म्हणून आपल्यालाही वाटतं की फसणाऱ्याचीच चूक. पण वेबवरचा ट्रोजन घोडा ओढायची वाट बघत नाही. ब्राउझर, जावा, फ्लॅश अशा सॉफ्टवेअरमध्ये चूक राहिलेली असते. हल्लेखोर एखाद्या साध्या, चांगल्या वेबसाइटमध्ये घुसून तिथे चार ओळी पेरून ठेवतो. आपण पान उघडलं की त्या ओळी ही फट शोधतात आणि माल गुपचूप आत उतरवतात. क्लिक नाही, परवानगी नाही.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे २०१२ चा फ्लॅशबॅक. आधी तो फ्लॅश प्लेयरचं सोंग घेऊन यायचा. मग त्याने जावामधली फट पकडली. ओरॅकल कंपनीने ती फट फेब्रुवारी २०१२ मध्येच बुजवली होती. पण ॲपल आपल्या मॅकसाठी जावा स्वतः द्यायची, आणि तिची दुरुस्ती आली ३ एप्रिलला. मधले सात आठवडे बुरुजाचा नकाशा तयार, पण बांधकाम नाही! दुसऱ्याच दिवशी डॉक्टर वेब या रशियन कंपनीने जाहीर केलं की साडेपाच लाखांहून जास्त मॅक बाधित आहेत. त्यातले काही तर ॲपलचं मुख्यालय असलेल्या कुपर्टिनोतलेच होते. मॅकला व्हायरस लागत नाही असं छातीठोक सांगणारे तेव्हा गप्प झाले. एप्रिलच्या मध्यात ॲपलने ट्रोजन काढायचं साधन दिलं.

त्याच काळात ब्लॅकहोल नावाचं किट चक्क भाड्याने मिळायचं. फटी शोधून ट्रोजन घुसवायचं तयार दुकान, वर्षाचं भाडं १,५०० डॉलर. ते बनवणारा २०१३ मध्ये रशियात पकडला गेला. फ्लॅश तर २०२० अखेर कायमचा बंद केला.

आता माझ्या कॅफेतली फट कोणती? तीही जावाच. एका सरकारी पोर्टलवर टेंडर भरायला डिजिटल सही लागायची आणि ती जावाच्या जुन्याच व्हर्जनवर चालायची. नवीन टाकलं की पान उघडेना. म्हणून मी अपडेट बंद ठेवलेलं. फट उघडी ठेवली कार्यालयाने आणि मी, बोल लावला सरांना.

कॉम्प्युटरला लागण झाल्याची शंका आली तर काय करायचं? आधी इंटरनेट तोडा. त्या मशीनवरून बँक, मेल काही उघडू नका. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून बदला. कागदपत्रं, फोटो वेगळे काढून घ्या, प्रोग्रॅम नकोत. विंडोज असेल तर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. तो विंडोज सुरू होण्याआधीच तपासतो, त्यामुळे ट्रोजनला लपणं अवघड जातं. ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन काढा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही सफाईची साधनं फुकट मिळतात. तरी शंका राहिली तर सरळ फॉरमॅट मारा. पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन करा, वेळ घालवू नका.

आणि सगळ्यात शेवटी, पण न चुकता, अपडेट. नुसता शत्रू हाकलला आणि बुरूज बांधला नाही, तर तो उद्या त्याच वाटेने येणार.

आपल्या गावच्या सेवा केंद्रात, पतपेढीत, शाळेत आजही जुनं विंडोज असलेले कॉम्प्युटर आहेत. त्यावर आपले आधार, सातबारा, खाते नंबर टाइप होतात. पुढच्या वेळी गेलात की विचारा, "साहेब, शेवटचं अपडेट कधी केलं?" विचारायचा आपल्याला हक्क आहे.

सरांची माफी मी मागितली, पण तीन वर्षं उशिरा. ते हसले, म्हणाले, "चहा पाज." कोणी फसलं तर आधी फट शोधा, माणसाला बोल नंतर लावा.