'धर्मात्मा'ची दया आणि बाबासाहेबांचा सवाल

व्ही. शांताराम म्हटले की लोकांना 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आणि बर्लिन महोत्सवातला गौरव आठवतो. १९०१ साली कोल्हापुरात जन्मलेला हा माणूस बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम शिकला. १९२९ मध्ये 'प्रभात'चा एक संस्थापक झाला आणि १९४२ मध्ये त्याने स्वतःची 'राजकमल कलामंदिर' ही निर्मितीसंस्था काढली. 'कुंकू'त (१९३७) त्याने जरठ-बाला विवाहावर घाव घातला, 'शेजारी'त (१९४१) हिंदू-मुस्लिम दुराव्यावर. १९८५ चा फाळके पुरस्कारही त्याला मिळाला. हे मोठेपण नाकारायचे कारण नाही.

पण आंबेडकरी तरुणांनी त्याचा आणखी एक चित्रपट ध्यानात ठेवला पाहिजे : 'धर्मात्मा' (१९३५). त्यात बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली. ब्राह्मण एकनाथ महाराच्या घरी जेवतात आणि सनातनी खवळतात, ही त्यातली कथा. चित्रपटाचे आधीचे नाव 'महात्मा' होते. सेन्सॉरने हरकत घेतली म्हणून ते बदलले. पुणे करारानंतर गांधीजींची हरिजन चळवळ सुरू असतानाचा हा काळ. तेव्हा 'महात्मा' म्हटले की कोण आठवणार, हे सांगायला नको.

आता त्याच वर्षी दुसरीकडे काय घडले ते पाहा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. एकीकडे पडद्यावर एक सवर्ण संत महाराला जवळ करत होता. दुसरीकडे आमची माणसे दयेच्या त्या दारातून कायमची बाहेर पडायची भाषा करत होती.

बाबासाहेबांनी या चित्रपटाची दखल घेतली, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसते. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या दुसऱ्या आवृत्तीत (१९३७) गांधीजींना दिलेल्या उत्तरात त्यांनी 'धर्मात्मा'चे नाव घेतले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : एकनाथ अस्पृश्यांबरोबर जेवले ते जात मोडावी म्हणून नव्हे. लागलेला विटाळ गंगास्नानाने धुता येतो, असे त्यांना वाटत होते म्हणून. संतांनी देवापुढची समता सांगितली, माणसामाणसांतल्या समतेसाठी लढा उभारला नाही, हा त्यांचा मूळ मुद्दा.

शांतारामांचे धाडस खोटे नव्हते. १९३५ मध्ये सहभोजन पडद्यावर दाखवायलाही छाती लागत होती. पण त्या कथेत नायक कोण? जेवायला येणारा. ज्याच्या घरी तो जेवतो, तो महार फक्त कृतज्ञ. त्याला हक्क नाही, राग नाही, चवदार तळे नाही. महाडचा सत्याग्रह होऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती!

राग असलेला नायक मराठी पडद्यावर ठसठशीतपणे दिसायला नागराज मंजुळेंचा 'फँड्री' (२०१३) यावा लागला. जब्या कुणाच्या दयेची वाट पाहत नाही, दगड उचलतो.

अंबरनाथ पूर्वेतल्या आपल्या तरुणांनी विहारात कधी पडदा लावला, तर 'धर्मात्मा' जरूर दाखवावा. मात्र आधी बाबासाहेबांचे ते पान मोठ्याने वाचावे. चित्रपट कुणावर आहे एवढे विचारून भागत नाही. तो कुणाच्या डोळ्यांनी पाहतो, हेही विचारायला हवे.

जय भीम!