मृत्युपत्र आणि हयातीतील विश्वस्तनिधी

आपल्यामागे आपल्या मिळकतीची व्यवस्था कशी असावी, हा विषय आमच्या सुशिक्षित कुटुंबांत अजूनही अभद्र मानला जातो. मुलीच्या विवाहाची बोलणी महिनोगणती चालतात, घराचे दार कोणत्या दिशेस असावे याविषयी दहा जणांचा सल्ला घेतला जातो. परंतु ते घर पुढे कोणी राखावे, पत्नीच्या हाती दरमहा काय पडावे, धाकटा मुलगा अजाण असेल तर त्याचा हिस्सा कोणी सांभाळावा, हे प्रश्न कोणी काढले की, 'असे अशुभ कशास बोलता?' म्हणून त्याचे तोंड बंद करण्यात येते. परिणाम असा होतो की, वैद्याने आशा सोडल्यावर मग वकिलास बोलावणे जाते.

अलीकडे कायदेपंडित एक निराळी वाट सुचवू लागले आहेत. मृत्युपत्रावर विसंबू नये. हयातीतच मिळकत विश्वस्तांच्या हाती सोपवावी, आपण जिवंत असेपर्यंत तिचा उपभोग घ्यावा, आणि मन बदलल्यास ती व्यवस्था रद्द करण्याचा अधिकार आपल्याकडे राखून ठेवावा, असे ते सांगतात. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी ही गोष्ट मुलांच्या तोंडून ऐकलेली असते, आणि पुष्कळांस ती एक परदेशी टूम वाटते. तशी ती आहे की नाही, हे ठरविण्यापूर्वी आमच्याच शहरात घडलेला एक प्रसंग वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

आज ज्यास छत्रपती संभाजीनगर म्हणतात ते औरंगाबाद १९०१ साली निजामाच्या राज्यात होते. त्या वर्षीच्या जूनअखेर पुण्याहून एक तरुण विधवा आणि तिच्यासमवेत काही प्रतिष्ठित गृहस्थ येथे आले होते. त्या ताई महाराज. आणि बरोबरच्या मंडळींत बाळ गंगाधर टिळक व अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण खापर्डे हे होते. पंडित महाराजांच्या घराण्याची निधोने येथील शाखा याच भागातील. त्या शाखेतील जगन्नाथ नावाचा मुलगा पसंत करून त्याचे दत्तविधान येथेच उरकण्यात आले. एका घरातील हा धार्मिक विधि; पण त्याचा निकाल लागण्यास लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जावे लागले.

या प्रकरणाचे मूळ चार वर्षे मागे होते. ताई महाराजांचे पति वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज हे पुण्याचे पहिल्या प्रतीचे सरदार. ७ ऑगस्ट १८९७ रोजी त्यांस पटकीने गाठले आणि त्याच दिवशी त्यांचा अंत झाला. मृत्यूपूर्वी त्यांनी घाईने मृत्युपत्र केले आणि टिळक, खापर्डे, कुंभोजकर, नागपूरकर आदि मंडळींस विश्वस्त नेमले. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. स्वतःच्या डोक्यावर टांगती तलवार असताना त्यांनी मित्राच्या शब्दाखातर हे ओझे पत्करले. पत्नी गरोदर होती. मुलगा न झाल्यास, किंवा होऊन न जगल्यास, विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी मृत्युपत्रात सोय होती. १८९८ च्या आरंभी मुलगा झाला आणि दोन महिन्यांच्या आतच गेला. इस्टेट कर्जात होती. विश्वस्तांनी खर्चास आळा घातला. ज्या घरात आपण मालकीण व्हावयाचे, तेथे आपल्या खर्चाचा हिशेब परके पुरुष मागतात, याचा सल त्या तरुण स्त्रीच्या मनात राहिला असल्यास त्यात अस्वाभाविक काय आहे?

औरंगाबादेहून परतल्यावर थोड्याच दिवसांत ताई महाराज विश्वस्तांपासून दुरावल्या. जुलै १९०१ मध्ये मृत्युपत्राचे प्रोबेट रद्द व्हावे म्हणून अर्ज झाला आणि ऑगस्टमध्ये कोल्हापुरास त्यांनी बाळा महाराज या दुसऱ्या मुलास दत्तक घेतले. कारभारी असलेले नागपूरकर हे विश्वस्तही ताई महाराजांच्या बाजूस गेले. पुण्याचे जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्यापुढे चौकशी झाली आणि तीतून टिळकांवरच फौजदारी खटला उभा राहिला. औरंगाबादेचे दत्तविधान झालेच नाही, आणि झाले असे सांगणारे टिळक शपथेवर खोटे बोलले, असा आरोप होता. ऑगस्ट १९०३ मध्ये त्यांस दीड वर्षाची सक्तमजुरी सांगण्यात आली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली. आणि ४ मार्च १९०४ रोजी मुंबई हायकोर्टात सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्यापुढे ते निर्दोष सुटले. दिवाणी दावा मात्र चालूच राहिला. खालच्या कोर्टात तो टिळकांच्या बाजूने लागला, १९१० साली हायकोर्टाने तो फिरविला, आणि मार्च १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादेचे दत्तविधान खरे ठरविले. तरीही कोल्हापूरकडील मिळकतीचे काम उरलेच. जुलै १९२० मध्ये टिळक मुंबईस गेले ते याच प्रकरणाच्या सुनावणीसाठी. तेथून ते परत आले नाहीत. एका दिवसात लिहिलेल्या कागदाने तेवीस वर्षे खाल्ली.

या प्रकरणाकडे आजवर लोकमान्यांच्या चरित्रातील एक अग्निदिव्य म्हणून पाहण्यात आले, आणि ते योग्यच आहे. परंतु गृहस्थाने त्यातून निराळा धडा घ्यावयास हवा. विश्वस्त प्रामाणिक होते. मृत्युपत्राची भाषाही असाध्य नव्हती. दोष मृत्युपत्राच्या स्वभावातच होता. मृत्युपत्र बोलू लागते तेव्हा ते लिहिणारा कायमचा मुका झालेला असतो. 'तुमच्या मनात कोणत्या शाखेचा मुलगा होता?', 'पत्नीच्या खर्चास किती लावावे?' हे दोनच प्रश्न बाबा महाराजांस विचारता आले असते तर पुढच्या पिढीच्या हजारो पानांच्या साक्षी वाचल्या असत्या. विश्वस्त आणि पत्नी यांची खरी ओळख झाली ती त्यांच्या मृत्यूनंतर, आणि ती प्रतिपक्षी म्हणून झाली.

हयातीतील विश्वस्तनिधीची कल्पना नेमकी ही उणीव भरून काढण्यासाठी आहे. तिचे मूळ इंग्लंडात. आपली जमीन विश्वासू मित्रांच्या नावे करून तिचे उत्पन्न आपणास व आपल्या मुलाबाळांस मिळावे, अशी युक्ती तेथील जमीनदार मध्ययुगापासून योजीत. कारण जमिनीचे मृत्युपत्र करण्यास तेथील कायद्याची सामान्यतः मुभा नव्हती. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत १५३६ साली ही वाट अडविण्याचा यत्न झाला, आणि चारच वर्षांत, १५४० साली, राजास जमिनीचे मृत्युपत्र करण्याचा हक्क प्रजेस द्यावा लागला. अमेरिकेत पुढे या कल्पनेस निराळे वळण लागले. तेथे प्रोबेटचा खर्च व विलंब लोकांस जाचू लागला, आणि १९६५ साली नॉर्मन डेसी यांनी प्रोबेट कसे टाळावे हे सांगणारे पुस्तक लिहिल्यावर असे निधी सामान्य कुटुंबांत पसरले. २००० साली तेथे तयार झालेल्या नमुना-कायद्यात तर, लेखात उलट लिहिलेले नसेल तर निधी रद्द करता येण्याजोगा समजावा, असेच म्हटले आहे.

आपल्याकडचा नियम याच्या उलट आहे, आणि तो वाचकांनी नीट लक्षात ठेवावा. १८८२ च्या विश्वस्तविषयक कायद्याप्रमाणे हयातीत लेखाने केलेला निधी रद्द करावयाचा तर एक तर सज्ञान व करारास पात्र अशा सर्व लाभधारकांची संमति हवी, किंवा रद्द करण्याचा अधिकार लेखातच स्पष्ट शब्दांत राखलेला हवा. मौन म्हणजे येथे त्याग होय. स्थावर मिळकत असेल तर लेख नोंदणीकृत पाहिजे. त्याच वर्षीच्या मालमत्ता-हस्तांतरणाच्या कायद्यात बक्षिसासंबंधी नियम आणखी कडक आहे: देणाऱ्याच्या केवळ लहरीवर परत घेता येईल असे बक्षीस तेवढ्यापुरते रद्दबातलच ठरते. म्हणजे बक्षीसपत्राने जे साधत नाही ते निधीने साधते. गृहस्थ स्वतःच पहिला विश्वस्त होऊ शकतो. आपणामागे, किंवा आजाराने बुद्धि चालेनाशी झाल्यास, कोणी पुढे यावे हे तो आधीच लिहून ठेवू शकतो. ही दुसरी सोय मृत्युपत्रात नाही. माणूस जिवंत आहे पण त्यास स्वतःचे नाव आठवत नाही, अशा वर्षांत मृत्युपत्र पेटीतच पडून राहते.

हयातीत व्यवस्था करण्याचे भारतातील एक मोठे उदाहरण, योगायोगाने, औरंगाबाद ज्यांच्या राज्यात होते त्या घराण्याचेच आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी आपल्या खाजगी संपत्तीचे अनेक निधी केले. १० मे १९५० च्या लेखाने त्यांनी नऊ कोटी रुपयांचे सरकारी रोखे कुटुंबनिधीत घातले. त्याचे १७५ समान हिस्से पाडून बहुतेक नातलगांस नेमून दिले. १९५१ व १९५२ साली जवाहिरांचे निधी झाले. निजाम १९६७ पर्यंत जगले, म्हणजे सतरा वर्षे त्यांस आपली योजना चालताना पाहता आली. १९९५ साली केंद्र सरकारने या निधींकडून १७३ जिन्नस २१८ कोटी रुपयांस विकत घेतले. प्रसिद्ध जेकब हिरा त्यांतच आहे. लेखांत काय लिहिले होते ते स्पष्ट होते म्हणूनच चार दशकांनीही हा व्यवहार होऊ शकला. करांचे तंटे मात्र टळले नाहीत. कुटुंबनिधीच्या शेष संपत्तीवरील कराचा वाद १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला.

याच निजामांच्या दुसऱ्या एका रकमेची कथा उलट आहे. सप्टेंबर १९४८ च्या धामधुमीत हैदराबादच्या लंडनमधील खात्यातून सुमारे दहा लाख आठ हजार पौंड पाकिस्तानचे तेथील हायकमिशनर रहिमतुल्ला यांच्या नावे गेले. कोणासाठी आणि कोणत्या अटीवर, याचा निर्विवाद लेख नव्हता. निजामांनी पैसे परत मागितले; बँकेने ते अडकवून ठेवले; १९५७ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे दावा अडला; आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये, मूळ रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेल्यावर, ती विश्वस्तभावाने निजामांसाठीच होती असे लंडनच्या न्यायालयाने ठरविले. एकाच धन्याची दोन धने: एक लेखात बांधलेले, दुसरे केवळ विश्वासावर सोडलेले. दुसऱ्यास एकाहत्तर वर्षे लागली.

तथापि रद्द करण्याचा अधिकार राखणे म्हणजे सर्व सुखे हाती राखणे नव्हे. ज्याच्या हाती दोरी, त्याच्याच माथी भार, हे तत्त्व १९६१ च्या आयकर-कायद्यात स्पष्ट होते आणि आजही कायम आहे: निधी परत घेता येत असेल तर उत्पन्न करणाऱ्याचेच समजून कर त्याच्यावर बसतो. सावकारास चुकविण्यासाठी केलेला निधी न्यायालय मोडू शकते. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतील दुसऱ्यांचा वाटा कोणासही निधीत घालता येत नाही. आणि २००५ पासून मुलींचा वाटाही त्यात आहेच. उलट, दोरी मुळीच न राखता घर मुलाच्या नावे करून पुढे त्याच घरात उपरे झालेले आईबाप आपण पाहतो. त्यांच्यासाठी २००७ चा कायदा झाला. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट न पाळल्यास, परत मिळू शकते. मात्र तशी अट असल्याचे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये त्याने या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या बाजूने अधिक उदारपणे लावला. येथेही मुद्दा तोच, की मनातली अट कागदावर हवी.

बाबा महाराजांनी हयातीत निधी केला असता तर सर्व कलह टळला असता, असे आमचे म्हणणे नाही. दत्तकाचा प्रश्न कोणत्याही निधीने सुटत नाही. परंतु विश्वस्तांनी त्यांच्या डोळ्यांदेखत वर्षभर जरी काम केले असते, ताई महाराजांस हिशेब कसा राहतो हे पतीच्या शेजारी बसून कळले असते, नागपूरकरांचा कल लवकर दिसला असता आणि गरज वाटल्यास लेख बदलता आला असता, तर १९०१ साली औरंगाबादेस आलेली ती मंडळी परस्परांस ओळखणारी माणसे असती. रद्द करण्याच्या अधिकाराचा खरा उपयोग दिलेले परत घेण्यात नाही. आपली व्यवस्था आपल्या हयातीतच कसोटीस लावून चूक सुधारण्यात आहे. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी गृहस्थाने पत्नीस व मुलांस समोर बसवून, आपण काय योजिले आहे ते एकदा मोठ्याने सांगावे. त्या संध्याकाळी घरात थोडे रुसवे होतील. पण उत्तर देण्यास तो स्वतः तेथे असेल.