‘चीप’ शब्दाचा बाजार

आज एका इंग्रजी शब्दाची गोष्ट ऐकू या. शब्द आहे ‘चीप’. आपल्या लेकीसुना म्हणतात, “साडी चीपमध्ये मिळाली.” तेव्हा त्यांना आनंद झालेला असतो. आणि कुणाचं वागणं आवडलं नाही, की त्याच नाक मुरडतात, “किती चीप!” एकाच शब्दात कौतुक आणि हेटाळणी कशी आली?

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता बाजार, देवघेव, सौदा. तो आला लॅटिन भाषेतून. तिथे ‘काउपो’ म्हणजे किरकोळ दुकानदार. लंडनमध्ये आजही ‘चीपसाइड’ नावाचा रस्ता आहे. ती तिथली जुनी बाजारपेठ. शेजारच्या गल्ल्यांची नावं ब्रेड स्ट्रीट आणि मिल्क स्ट्रीट, म्हणजे पाव गल्ली आणि दूध गल्ली.

त्या काळी लंडनमध्ये दारोदार पाव विकणाऱ्या बायका होत्या. भट्टीवाला त्यांना बारा पावांच्या पैशांत तेरा पाव द्यायचा. तेरावा पाव ही त्यांची कमाई. पायपिटीचा मोबदला हिशेबात धरलेला होता.

स्वस्तात काही मिळालं, की तिथले लोक म्हणायचे ‘गुड चीप’, म्हणजे चांगला सौदा. सोळाव्या शतकात पुढचा ‘गुड’ गळून पडला आणि नुसता ‘चीप’ उरला. शतक संपता संपता त्याला दुसरा अर्थ चिकटला: हलकं, कमी योग्यतेचं. किंमत उतरली, तशी पतही उतरली.

पुढे ‘डर्ट चीप’ आलं. डर्ट म्हणजे माती. आपण म्हणतो ना, टोमॅटो मातीमोल गेले, तसंच. अमेरिकेत तर फारच स्वस्त मिळालेल्या वस्तूला बोलताना ‘स्टील’ म्हणतात. हे भांड्यांचं स्टील नव्हे बरं का, याचा अर्थ चोरी! घेणारी खुशीत म्हणते, “अगदी चोरीच्या भावात मिळालं.” पण चोरी म्हटली की कुणाचं तरी गेलेलं असतं. इथे ते विकणारीचं जातं.

म्हणून बचत गटाच्या पापडांचा भाव ठरवताना उडीद डाळ, तेल, पाकीट, गाडीभाडं लिहा आणि त्याखाली आपली मजुरीही लिहा. पहाटे उठून पीठ कुटलं, उन्हात पापड वाळवले, ते तास फुकटचे नाहीत. गिऱ्हाईक घासाघीस करणारच, तो त्यांचा हक्क. पण कुठवर खाली यायचं, हे बाजाराला निघण्याआधी गटाच्या बैठकीत ठरवून ठेवा. सौदा घेणारीला परवडला पाहिजे आणि विकणारीलाही. ‘गुड चीप’मधला ‘गुड’ तोच.