सत्तर चौरस फुटांतील स्वयंपाकघर

राजवाडे, किल्ले आणि महामंदिरे यांचा इतिहास लिहिणाऱ्यांची वाण कधीच पडली नाही. स्वयंपाकघराचा इतिहास मात्र क्वचितच कोणी लिहितो. ज्या खोलीत घरच्या बाईचे निम्मे आयुष्य सरते ती खोली इतिहासकारांच्या दृष्टीआड राहावी, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे. घरभेटीच्या निमित्ताने आम्ही अनेकांच्या घरी जातो. पाहुण्याला बाहेरच्या खोलीत खुर्ची मिळते आणि आतल्या चिंचोळ्या जागेत कोणीतरी घाम पुशीत चहा करीत असते. त्या आतल्या जागेची आखणी कोणी केली, कोणाच्या सोयीने केली, हा प्रश्न आम्हां पाहुण्यांच्या मनात सहसा येत नाही. तो प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात एका तरुण स्त्रीने गांभीर्याने विचारला आणि त्याचे उत्तर लाकूड, ॲल्युमिनियम व काँक्रीट यांत दिले. त्याची ही हकीकत.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले तेव्हा जर्मनीत घरांचा भयंकर तुटवडा होता. युद्धकाळात बांधकामे जवळजवळ थांबली होती, आणि एकेका जागेत दोन दोन कुटुंबे दाटीने राहत होती. त्यात १९२३ सालची महागाई आली. नोटांचे मोल कागदाइतकेही उरले नाही आणि मध्यमवर्गाची आयुष्यभराची पुंजी धुऊन निघाली. या अनर्थात जुन्या घरमालकांचे मात्र एका परीने फावले. त्यांच्या डोक्यावरील गहाणाची कर्जेही त्याच महागाईत विरघळून गेली. सरकारने १९२४ साली या आयत्या लाभावर कर बसविला आणि त्याच्या उत्पन्नातून नवी घरे बांधण्याची सोय झाली. अर्थशास्त्रातील इतका सरळ न्याय आमच्या वाचनात फारसा आलेला नाही.

फ्रँकफुर्टचे महापौर लुडविग लांडमान यांनी १९२५ साली एर्न्स्ट माय या वास्तुशिल्पज्ञाच्या हाती शहराची बांधकामे सोपविली. पुढील पाच वर्षांत निड्डा नदीच्या खोऱ्यात प्राउनहाइम, र‍्योमरश्टाट अशा वसाहती उभ्या राहिल्या; घरांची संख्या दहा हजारांच्या वर गेली. भाडे कामकऱ्याच्या आवाक्यात राहावे म्हणून घरे लहान ठेवणे भाग होते. पण लहान घर बांधून प्रश्न सुटत नाही, तो तेथून सुरू होतो. नव्या भाडेकऱ्यांनी आजोबांच्या काळातले अवजड सामान बरोबर आणले: नक्षीचे कपाट, गलेलठ्ठ सोफा, दोन माणसांनी ढकलावा लागणारा पलंग. ते मांडल्यावर माणसांना वावरायला जागा उरेना. तेव्हा माय यांच्या कचेरीने घरांबरोबर सामानाचाही विचार सुरू केला. काही घरांत दिवसा भिंतीला उभे करून ठेवता येतील असे पलंग बसविले. फेर्डिनांड क्रामर यांनी हलक्या, साध्या, सरळ रेषांच्या खुर्च्या-टेबले रेखाटली, आणि ती बेकार कारागिरांसाठी शहराने चालविलेल्या कार्यशाळेत तयार होऊ लागली. स्वस्त वस्तू कुरूपच असली पाहिजे, ही समजूत या माणसांनी मुळातच मानली नाही.

स्वयंपाकघराचे काम मार्गारेटे लिहोत्स्की हिच्याकडे आले. तिचा जन्म व्हिएन्ना येथे १८९७ साली झाला. मुली वास्तुशास्त्र शिकत नसत त्या काळात तिने ते शिकून घेतले आणि महायुद्धानंतर व्हिएन्नातील बेघरांच्या वसाहतींवर काम केले. क्षयरोगातून उठून ती १९२६ च्या आरंभी फ्रँकफुर्टला आली तेव्हा अवघी एकोणतीस वर्षांची होती. स्त्री असल्यामुळे तिला चुलीचे मर्म ठाऊक असणारच, असे लोक सहज म्हणत. तिने पुढे स्पष्टच सांगून टाकले की, त्यापूर्वी तिने कधी घर चालविले नव्हते, स्वयंपाकही केला नव्हता. जे अनुभवाने ठाऊक नव्हते ते तिने अभ्यासाने मिळविले, आणि आमच्या मते तिच्या यशाचे बीज यातच आहे. सवयीने जे कष्ट कोणाला दिसत नव्हते, ते नवख्या डोळ्यांना दिसले.

अभ्यासाची सामग्री तिला अमेरिकेतून मिळाली. कॅथरिन बीचर हिने ‘अंकल टॉम्स केबिन’ची लेखिका असलेली आपली बहीण हॅरिएट हिच्या सोबतीने १८६९ साली गृहव्यवस्थेवर एक ग्रंथ लिहिला होता. आगबोटीच्या एवढ्याशा भटारखान्यात दोनशे माणसांचे जेवण होते, मग घरातच बाईने इतकी धावपळ का करावी, असा तिचा रोखठोक सवाल. पुढे ख्रिस्तीन फ्रेडरिक हिने कारखान्यांत वापरली जाणारी टेलरची पद्धत घरात आणली आणि बाईची पावले मोजली. भांडे येथे, पाणी तेथे, चूल तिसरीकडे. एका जेवणासाठी किती फेऱ्या होतात त्याचा तिने नकाशाच काढला. या पुस्तकांना लिहोत्स्कीने आणखी एका नमुन्याची जोड दिली. आगगाडीच्या भोजनडब्यातील स्वयंपाकघर तिने बारकाईने पाहिले. चालत्या गाडीत, हात पसरला तर भिंत लागेल अशा जागेत, दोघे-तिघे मिळून सबंध गाडीला जेवू घालीत होते.

तिने आखलेली खोली सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे जेमतेम सत्तर चौरस फुटांची होती. वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगतो: त्याच दशकात मुंबईत बांधल्या गेलेल्या बी.डी.डी. चाळींत सबंध कुटुंबाला मिळणारी खोली १६० चौरस फुटांची होती.

खिडकीखाली लाकडी ओटा. उजेड थेट हातावर पडावा म्हणून तो तेथे. त्यापुढे वरखाली करता येणारे फिरते स्टूल. भाजी चिरणे, निवडणे ही कामे उभ्याने करण्याची सक्ती कशाला? ओट्यातच केरासाठी खण ठेवलेला, म्हणजे साली आणि देठे हाताने लोटली की आत पडत. ओट्याचे लाकूड बीच वृक्षाचे, कारण त्यावर डाग सहसा बसत नाहीत आणि सुरीचे घाव ते सोसते. पिठाचे खण मात्र ओकचे, कारण ओकमधील टॅनिनमुळे पिठाला अळ्या लागत नाहीत. एका बाजूस धुण्याच्या टाक्या, त्यांच्यावर बशा उभ्या ठेवण्याची लाकडी मांडणी; पाणी आपसूक निथळे आणि पुसण्याचे एक काम कमी होई. साखर, तांदूळ, डाळी यांसाठी ॲल्युमिनियमचे छोटे खण ओळीने बसविलेले. प्रत्येकावर नाव, पुढे मूठ आणि दुसऱ्या टोकाला निमुळती चोच, त्यामुळे खण बाहेर ओढून जिन्नस थेट भांड्यात ओतता येई. इस्त्रीची फळी भिंतीवर बिजागरीने टांगलेली, काम झाले की पुन्हा भिंतीला चिकटे. छतावरचा दिवासुद्धा रुळावरून सरकविता येई. अर्धवट शिजलेले भांडे आत ठेवले की स्वतःच्याच उष्णतेने शिजत राहील अशी बंदिस्त पेटीही होती. सकाळी कामावर जाणाऱ्या बाईला तिचे मोल वेगळे सांगायला नको. कपाटे थेट छताला भिडविलेली, म्हणून त्यांच्या माथ्यावर धूळ साचण्याचा प्रश्नच नव्हता.

शेजारच्या खोलीकडे जाणारे दार सरकते होते. शेगडीपासून जेवणाच्या टेबलापर्यंतचे अंतर तीन मीटरांच्या आसपास राहील असे पाहिले होते. दार उघडे ठेवले तर आईला मुलांवर नजर ठेवता येईल, ही कल्पना.

रंगाचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे. कपाटांना निळसर हिरवा रंग दिला तो डोळ्यांना गार वाटतो म्हणून असेल, असे पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात, निळ्या रंगावर माश्या बसत नाहीत असे फ्रँकफुर्टच्या विद्यापीठातील संशोधकांचे म्हणणे होते, ते प्रमाण मानून हा रंग निवडला गेला. खोली सुंदर दिसली ती अशी, एकेका उपयोगाच्या पोटी.

अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसविली गेली. तयार सामान कारखान्यातून येई, आणि त्याचा खर्च घरबांधणीच्या खर्चात धरून भाड्यातून थोडाथोडा वसूल होई. गरीब कुटुंबाला एकरकमी काही द्यावे लागले नाही. पुढे युरोपभर जी बैठी आणि टांगती कपाटे असलेली स्वयंपाकघरे झाली, त्यांचे मूळ येथे आहे.

राहणाऱ्यांनी मात्र कुरकूर केली, आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे. कामकऱ्यांच्या जुन्या घरांत चूल असलेली खोली हीच खरी राहती खोली असे. थंडीत तेवढीच उबदार. तेथेच जेवण, तेथेच मुलांचा अभ्यास, तेथेच आजीची खाट. नव्या खोलीत एकच माणूस मावत होता. मुलगी आईच्या हाताखाली उभी राहू शकत नव्हती आणि नवऱ्याला मदत न करण्याचे उत्तम निमित्त मिळाले. (तसे निमित्त त्याला मोठ्या स्वयंपाकघरातही सापडतच असे, हे आम्ही पुरुष म्हणून कबूल करतो.) काही कुटुंबांनी हट्टाने त्या एवढ्याशा जागेत जेवणाचे टेबल कोंबले. र‍्योमरश्टाट वसाहतीत विजेच्या शेगड्या दिल्या होत्या, त्यांचे बिल अनेकांना परवडेना.

अनेक वर्षांनी स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणाऱ्यांनीही याच स्वयंपाकघरावर टीका केली. बाईला चुलीपाशी एकटी कोंडली, असे त्या म्हणाल्या. आमच्या मते हा आरोप अर्धा खरा आहे. लिहोत्स्कीने पावले मोजली ती बाईचा वेळ वाचावा, तिला बाहेर काम करता यावे, वाचता यावे म्हणून. परंतु मोजताना तिने गृहीत धरले की स्वयंपाक करणारी एकच असते. घराचे मोजमाप घेताना घरातील माणसे किती, हे मोजायचे राहून गेले. तरीसुद्धा ज्या बाईच्या टाचा संध्याकाळी ठणकत होत्या, तिला त्या वाचलेल्या फेऱ्यांचे काय वाटले असेल, हे टीकाकारांनी विसरू नये.

लिहोत्स्कीने १९२७ साली आपले सहकारी विल्हेल्म श्युटे यांच्याशी विवाह केला. एर्न्स्ट माय यांच्या चमूबरोबर ती १९३० साली सोव्हिएत रशियात गेली, तेथून पुढे इस्तंबूलला. नाझी राजवटीविरुद्ध काम करणाऱ्या गटाच्या भेटीसाठी ती १९४० च्या डिसेंबरात व्हिएन्नास परतली आणि पुढच्याच महिन्यात गेस्टापोच्या हाती सापडली. तिला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. बव्हेरियातील आइखाख येथील तुरुंगातून एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने तिची सुटका केली. दहा हजार घरांत सोय केलेली ही स्त्री चार वर्षांहून अधिक काळ कोठडीत होती. युद्धानंतरही ती साम्यवादी असल्यामुळे मायदेशी तिला सरकारी कामे क्वचितच मिळाली. तिची राजकीय श्रद्धा आमची नव्हे; पण त्यापायी तिने जे सोसले त्यापुढे मान लवविणे आमचे कर्तव्य ठरते. ऑस्ट्रियाचे अध्यक्ष कुर्ट वाल्डहाइम यांच्या हस्ते १९८८ साली मिळणारा सन्मान, त्यांच्या युद्धकालीन पूर्वचरित्रामुळे, तिने घेतला नाही.

जगाने तिला त्या एका स्वयंपाकघरापुरतीच ओळखले याचा तिला शेवटपर्यंत राग होता. तिने शाळा, बालवाड्या, वसाहती असे बरेच काही रेखाटले होते. लोक पुढे फक्त याच खोलीविषयी बोलणार हे ठाऊक असते तर आपण ती बांधलीच नसती, असे ती म्हणे. व्हिएन्ना, लंडन आणि न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत आज ती स्वयंपाकघरे मांडून ठेवली आहेत. फ्रँकफुर्टमधील बहुतेक घरांतून मात्र नंतरच्या भाडेकऱ्यांनी ती केव्हाच उखडून टाकली.

आपल्या शंभराव्या वाढदिवशी, १९९७ साली, ती व्हिएन्नाच्या महापौरांबरोबर वॉल्ट्झ नाचली, आणि कधीतरी एखाद्या श्रीमंत माणसाचे घर बांधायला मिळाले असते तर बरे झाले असते, असे हसत म्हणाली.