न वाचलेली कादंबरी

अरबी साहित्य म्हटलं की मला नगीब महफूझ यांचा उजवा हात आठवतो. १९५९ मध्ये कैरोच्या ‘अल-अहराम’ दैनिकात त्यांची कादंबरी क्रमशः आली. गल्लीतल्या एका घराण्याची ती गोष्ट; पण धर्मगुरूंना तिच्यात पैगंबर दिसले. इजिप्तमध्ये ती पुस्तक म्हणून यायला २००६ उजाडलं. दरम्यान १९८८ मध्ये महफूझना नोबेल मिळालं, अरबी साहित्यातलं पहिलं. जुना राग पुन्हा पेटला. १९९४ मध्ये एका तरुणानं त्यांच्या मानेत सुरा खुपसला. त्यानं ती कादंबरी वाचलीही नव्हती. ८२ वर्षांच्या महफूझचा हात अधू झाला. तरी ते लिहीत राहिले, काही ओळींची स्वप्नं. एकेक स्वप्न मी मिनिटभरात वाचतो. लिहिताना त्यांना किती वेळ लागला असेल?