तारा असलेला टिप्पर

दिवाळीच्या सुट्टीत विश्रामबागला काकांकडे गेले होते. घरामागच्या प्लॉटवर आमचा टिप्पर 1994 पासून उभा. चुलतभावाचा भंगारवाल्याशी सौदा ठरला होता. काका एवढंच म्हणाले, "आधी चालू कर, मग दे."

थोडा इतिहास सांगते. टेल्को आणि जर्मनीच्या डाइम्लर-बेंझचा करार 1954 चा. जमशेदपूरला त्याच वर्षी ट्रक तयार होऊ लागले. 1969 मध्ये करार संपला आणि जाळीवर ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. आमचा टिप्पर आजोबांनी 1965 ला घेतलेला, म्हणून त्यावर अजून तारा आहे. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, गार असताना हीटर प्लग तापल्याशिवाय न उठणारं.

भावाला वाटलं, नवी बॅटरी लावली की झालं. काकांनी त्याचा हात धरला. पिस्टन गंजून धरले असतील, तर स्टार्टरच्या एका झटक्यात रिंगा तुटतात. मग नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडलं आणि मुरू दिलं. रोज पान्यानं इंजिन हातानं फिरवून बघायचं. पाचव्या दिवशी ते बोटभर हललं. टाकीतला गाळ काढला, फिल्टर बदलले, लाइनमधली हवा काढली. डिझेल बंद ठेवून, ऑइलचा काटा उचलेपर्यंत नुसतंच फिरवलं. वालचंद कॉलेजची भाडेकरू मुलं रोज बघायला यायची.

तिसऱ्या प्रयत्नाला पांढरा धूर आला, आणि मग ती लहानपणची घरघर.

काका बराच वेळ स्टिअरिंग धरून बसले. मग बोलू लागले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. काका तेव्हा बावीस वर्षांचे. हाच टिप्पर घेऊन ते कराड-पाटणमार्गे कोयनानगरला गेले होते, पडलेल्या घरांची दगडमाती उचलायला.

"हौद्यात टाकण्याआधी हातानं चाचपायचो," ते म्हणाले. "आत कोणी असलं तर? घाई करायची नाही."

इतक्या वर्षांत घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. काकूलाही नाही.

टायर तडकलेत, ब्रेक गेलेत, टिप्पर रस्त्यावर येणार नाही. पण भावानं भंगारवाल्याला परत पाठवलं. आता रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात.

असो. तुमच्याकडे असं काही उभं असेल, तर विकण्याआधी ते चालवणाऱ्याला एकदा विचारा.