वर्धामाईचा गाळ आणि आपली शंभर वर्षे

स्मरणिकेच्या मंडळींनी मला जुन्या आठवणी लिहायला सांगितल्या. विणेकरी, चोपदार, मुक्कामाची गावं यांवर माझ्यापेक्षा जाणत्या माणसांनी लिहिलंच आहे. मी चौथी शिकलेला कास्तकार माणूस, कीर्तनात बोलतो तेवढंच. म्हणून मी आपल्या नदीवर लिहितो. दिंडी निघताना पहिली आंघोळ वर्धामाईत, आणि परत आल्यावर पाय धुवायचे तेही वर्धामाईतच. तिच्या तळाला या शंभर वर्षांत काय जमा झालं, हा पण आपल्या दिंडीचाच इतिहास आहे.

दिंडी सुरू झाली तेव्हा राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आदिलाबाद जिल्हा आपला. नदीच्या पलीकडे बल्लारशा इंग्रजाच्या मुलखात. माझे आजोबा सांगत की नाव ओलांडली की राज्य बदलायचं. काजीपेठ ते बल्लारशा रेल्वे १९२९ साली जोडली गेली. राजुरा १९५६ ला नांदेड जिल्ह्यात गेला आणि १९५९ ला चांदा जिल्ह्यात आला. राज्यं बदलली, नदी तीच. पण पाण्यात जे मिसळायचं ते बदलत गेलं. कोळसा आधीपासून होता, वरोऱ्याची खाण १८७१ ची. बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी १९४५ साली निघाली. १९८० नंतर गडचांदूर, आवारपूरकडे सिमेंट आलं आणि त्याच सुमारास चंद्रपूरचं वीज केंद्र सुरू झालं. ते आज २९२० मेगावॅटचं आहे. आपल्याकडचा कोळसा शंभर पोते जाळला तर तीस-चाळीस पोते राख उरते. त्या राखेत शिसं, आर्सेनिक, क्रोमियम, पारा थोडा थोडा असतोच, कारण तो कोळशातच असतो. इरई नदी चंद्रपुरावरून येऊन हडस्तीजवळ वर्धेला मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक भागांची यादी केली. त्यात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण पडले आणि नंबर चौथा आला. परीक्षेत एवढे गुण पडले असते तर पेढे वाटले असते! पुढं जानेवारी २०१० मध्ये सरकारनं अशा ४३ ठिकाणी नव्या प्रकल्पांना काही काळ बंदी केली.

आता गाळाचं. काही वर्षांमागे एका कॉलेजची पोरं आली. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण पुढं सांगतो. त्यांच्याजवळ प्लास्टिकचे चमचे आणि पिशव्या. मी म्हटलं, "बापू, लोखंडी खुरपं देऊ का?" तर म्हणे, "नाई महाराज, लोखंडाचा अंश मातीत येते." मला ते पटलं. मग मी दिवसभर त्यांच्यासोबत हिंडलो.

पोरांनी समजावलं ते असं. धातू पाण्यात फार काळ राहत नाही, बारीक गाळाला चिकटतो. पाणी आज वाहून जाते, गाळ बसून राहतो. म्हणून नदीला काय झालं ते गाळाला विचारायचं. पण रेती घेऊन भागत नाही, रेतीला धातू कमी चिकटतो. धारेतला खळाळ सोडून वळणाच्या आतल्या काठाचा, डोहाचा गाळ घ्यायचा. वाळवायचा आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीनं चाळायचा. माणसाचा केस साधारण ७० चा, म्हणजे चाळणीचं भोक केसाहून बारीक. मग आम्लात विरघळवून यंत्रावर मोजायचं.

इथवर सोपं आहे. खरी मेख पुढं आहे. समजा आकडा निघाला. तो जास्त की कमी, हे कशावरून ठरवायचं? जमिनीत तांबं, जस्त, क्रोमियम मुळातच असते. म्युलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १९६९ साली एक हिशोब बसवला. मूळ मातीत जेवढा धातू तेवढा धरायचा. दीडपटीपर्यंत दोष द्यायचा नाही, मातीत तेवढा फरक असतोच. तिप्पट झालं की एक पायरी, सहापट झालं की दुसरी, बारापटीला तिसरी. हिशोब चांगला आहे, पण मूळ माती कोणती धरायची?

पुष्कळ लोक पुस्तकातली जगाची सरासरी धरतात. त्यात तांबं दहा लाख भागांत ४५ आणि शिसं २०. आपली वर्धा मुलताईवरून निघते आणि काळ्या दगडाच्या मुलखातून येते. त्या दगडाच्या मातीत तांबं सहज शंभराच्या पुढं जाते. मग आपला अगदी स्वच्छ गाळही जगाच्या मापानं दोषी ठरते. आणि उलटही होते. काळ्या दगडात शिसं फार कमी, साधारण ६. समजा ते वाढून १८ झालं, म्हणजे तिप्पट. तरी जगाच्या २० पुढं ते निर्दोषच दिसन! चोर सुटतो आणि साव पकडला जातो, तसं. त्यात आपल्याजवळ खाली चुनखडी आणि कोळशाचा खडक, म्हणजे माती पुन्हा मिसळलेली.

म्हणून त्या पोरांनी मला विचारलं, "महाराज, कारखान्याच्या आधीचा गाळ कुठं भेटन?"

मी छाती फुगवून त्यांना घरी नेलं. आमच्या आजोबांनी बांधलेल्या घराची मागची भिंत नदीच्या गाळाची आहे, रेल्वेच्याही आधीची. याहून जुना पुरावा कुठला? पोरगी भिंतीजवळ गेली, नखानं खरडलं आणि म्हणाली, "यात शेण, कुटार आहे, वरून चुना आहे, अन् इथं शेंदूर लागला आहे. शेंदूर म्हणजे शिसंच, महाराज." मी गप्प झालो. पन्नास वर्षं मारुतीला शेंदूर लावला, तो शिशाचा असतो हे मला पहिल्यांदा कळलं. त्यांनी मंदिराच्या घाटाचा गाळही घेतला नाही, तिथं शेंदूर आणि मूर्तीचे रंग उतरतात म्हणून. कारखान्यावर बोट दाखवताना आपला हातही त्या पाण्यात आहे, हे लिहून ठेवतो. मूर्ती विसर्जनाचे नियम मंडळानं २०१० ला काढले आणि २०२० ला कडक केले. आपल्या घाटावर किती पाळले जातात ते आपणच पाहतो.

शेवटी मी त्यांना दरडीवर नेलं. पुरानं काठ कापला आहे तिथं गाळाचे थर उभे दिसतात. वरचा भुरका, मधला रेताड, आणि खाली, माझ्या छातीइतका खोल, घट्ट काळा. खालचा थर मूळ माप म्हणून धरायचा आणि वरचा त्याच्याशी जोडून पाहायचा. थराचं वयही काढता येते म्हणे, शिशाचाच एक प्रकार २२ वर्षांत अर्धा होतो त्यावरून. त्यांनी दोन्हीकडचा गाळ नेला. एक प्रत तुम्हाला आणून देऊ म्हणाले. ती आली नाही. मी दोनदा फोन लावला, पोरं पास होऊन गेली होती, सरांची बदली झाली होती. राग नाही, पण गाळ आमचा होता.

मला कागद कशासाठी पाहिजे ते सांगतो. जुलै २०२२ च्या पुरात बल्लारपूरचा पूल पाण्याखाली गेला आणि आपल्या काठच्या शेतांत वीतभर गाळ बसला. आमची जुनी समजूत, पुराचा गाळ म्हणजे फुकटचं खत. डांगरवाडी त्याच रेतीत, वांगी त्याच गाळात, आणि तीच वांगी दिंडीच्या भंडाऱ्यात. जपानात जिंझू नदीच्या काठी वरच्या खाणीतला कॅडमियम धानाच्या बांध्यांत बसला. भात खाऊन माणसांची हाडं मोडू लागली. सरकारनं १९६८ ला कारण मान्य केलं आणि वरची माती बदलायचं काम २०१२ पर्यंत चाललं. आपल्याकडं तसं झालं असं मी म्हणत नाही. आपली जमीन चुनखडीची, ती धातू घट्ट धरून ठेवते, पिकात लवकर जाऊ देत नाही, हे आपलं नशीब. पण घट्ट धरलेला किती आणि सुटा किती, ते वेगळं मोजावं लागते. नुसता एकूण आकडा पाहून घाबरायचंही नाही आणि निर्धास्तही राहायचं नाही. जिथं घाण कुजून तळाचा गाळ काळा पडतो, वास मारतो, तिथं धरलेला काही धातू सुटू शकतो म्हणतात. तशी जागा पुलाखाली मी स्वतः पाहिली आहे.

कार्तिक पौर्णिमेला आपण वढ्याला जातो, वर्धा-पैनगंगेच्या संगमावर विठ्ठलाला. गेल्या खेपेला तिथल्या मुक्कामात मी हा विषय काढला. एक म्हातारे टाळकरी म्हणाले, "महाराज, तीर्थ कायले तपासता?" मी म्हटलं, "बाबाजी, माय आजारी असली तर नाडी पाहतोच ना." ते हसले, पण पटलं की नाही ते बोलले नाहीत. दोन गोष्टी मात्र ठरल्या. घाटावर शेंदूर, रंग, पैसे टाकायचे नाहीत. आणि कोणी तपासायला आलं तर त्याच्या हाती गाळ देताना तेवढाच आपल्याजवळही ठेवायचा.

त्या दिवशी पोरं गेल्यावर मी त्याच दरडीतून लाकडी चमच्यानं दोन बरण्या भरून आणल्या होत्या. एक वरच्या थराची, एक खालच्या काळ्या थराची. चिठ्ठीवर जागा, तारीख आणि खोली किती वीत ते लिहिलं आहे. दिंडीच्या पेटीत टाळांच्या खाली फडक्यात गुंडाळून ठेवल्या आहेत. टाळ काढताना सांभाळून काढा, काचेच्या आहेत.